ट्रेलर मागे लावल्यावर अ‍ॅव्हरेज किती? अमेरिकेत पहिल्यांदाच पिकअपने ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी

‘किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे गाडीचा रंग विचारायच्या आधी विचारला जातो. अमेरिकेत पिकअपला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडला की या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच टाकीला घाम फोडतं. एकटी असताना हायवेवर २० एमपीजी (गॅलनला मैल) देणारी हाफ-टन पिकअप, म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० किंवा टुंड्रा, मागे २५ फुटी ट्रेलर लागला की ९-१० वर येते. आपल्या हिशेबात सांगायचं तर लिटरला साडेआठ किलोमीटरवरून थेट चारवर. गाडीत काही बिघडलेलं नसतं. सगळ्यांचं असंच होतं.

ढोबळ अंदाज असा ठेवावा: स्कॅम्प किंवा कसिटासारखा छोटा फायबरग्लासचा ट्रेलर, किंवा घडी होणारा पॉप-अप असेल तर १२ ते १५ एमपीजी. नेहमीचा २२ ते २८ फुटी चौकोनी ट्रेलर असेल तर ८ ते ११. तोच ट्रेलर हाफ-टनपेक्षा मोठ्या, तीन-चतुर्थांश टन डिझेल पिकअपमागे असेल तर १० ते १३. या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहायचं की खालच्या, हे बऱ्यापैकी आपल्या हातात असतं. पट्ट्याबाहेर उडी मारून देईल असं यंत्र, औषध किंवा चिप कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

आधी मोजायला शिका

डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा गोड बोलतो. ट्रेलर असताना तर हातानेच हिशेब करावा. टाकी पंपाचा पहिला ‘टक’ होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या टकपर्यंतच भरा. धावलेले मैल भागिले भरलेले गॅलन. समजा १८७ मैल झाले आणि २०.४ गॅलन बसले, तर ९.१७ एमपीजी, म्हणजे लिटरला ३.९ किलोमीटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. वारा आणि चढ मिळून तीन एमपीजी इकडचे तिकडे सहज करतात. वहीत चार रकाने पुरतात: मैल, गॅलन, सरासरी वेग, वारा समोरून होता की मागून. पाच-सहा टाक्यांनंतर तुमच्याच जोडीचं खरं चित्र दिसायला लागतं. गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर ओडोमीटर कमी मैल दाखवतो; ती दुरुस्ती आधी फोनच्या जीपीएसवरून करून घ्या.

वजन नव्हे, वारा

नवखा माणूस ट्रेलर घेताना वजन विचारतो. ओढण्याची क्षमता, ब्रेक आणि घाट यांसाठी वजन महत्त्वाचंच आहे. पण सपाट हायवेवर गॅस (इथे पेट्रोलला हेच म्हणतात) खातो तो ट्रेलरचा पुढचा चेहरा. साधारण ८ फूट रुंद आणि एसी धरून साडेदहा-अकरा फूट उंच अशी ती भिंत असते. तिचा बराचसा भाग पिकअपच्या टपाच्या वर डोकावत असतो आणि ताशी ६५ मैलांच्या वेगाने हवेवर आपटत असतो. म्हणूनच ४,५०० पौंडांचा ‘हलका’ चौकोनी ट्रेलर आणि ६,५०० पौंडांचा तितकाच उंच ट्रेलर यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये सपाटीवर फारसा फरक पडत नाही, आणि लोक गोंधळतात. एअरस्ट्रीमचे गोल खांदे किंवा टिअरड्रॉपचा बुटका आकार नुसता दिसायला नसतो. टाकीत तो फरक मोजता येतो. काही कंपन्या आपल्या टोइंग गाइडमध्ये ट्रेलरच्या पुढच्या क्षेत्रफळाची कमाल मर्यादा चौरस फुटांत देतात. ट्रेलर पसंत करण्याआधी ती ओळ शोधून वाचा, कारण सेल्समन ती सहसा दाखवत नाही.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ७५ वर गेलात की वेग १५ टक्के वाढतो, पण हवेचा विरोध ३३ टक्के. नुसत्या पिकअपला हे जाणवत नाही. मागे भिंत असेल तर हाच सगळा खेळ आहे.

एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. ४०० मैल जायचं आहे, टाकी २६ गॅलनची, त्यातले २२ वापरायचे. समजा ६५ ला ९.५ एमपीजी पडतात आणि ७५ ला ७.८. ६५ ने गाडी ६ तास ९ मिनिटं चालते, ७५ ने ५ तास २० मिनिटं. ४९ मिनिटं वाचली. पण ६५ ला एका टाकीत २०९ मैल होतात, म्हणजे वाटेत एकदाच भरावं लागतं. ७५ ला १७१ मैलच होतात, म्हणून दोनदा. ट्रेलर घेऊन हायवेवरून उतरणं, रिकामी लेन शोधणं, भरणं आणि परत वर येणं यात २० मिनिटं जातात. हातात उरला अर्धा तास. त्यासाठी जवळपास नऊ गॅलन जास्त जाळले, आणि दिवसभर स्टिअरिंग घट्ट धरून बसावं लागलं ते वेगळंच.

टायरचाही इथे संबंध आहे. ट्रेलरच्या टायरवर मापाच्या आधी ‘एसटी’ लिहिलेलं असतं. ही आपली लाल एसटी नव्हे, स्पेशल ट्रेलर. वेगाचं अक्षर नसलेले असे टायर ६५ मैलांपर्यंतच धरायचे. अलीकडच्या बऱ्याच टायरांवर एल, एम किंवा एन हे अक्षर असतं, तेव्हा मर्यादा ७५, ८१ किंवा ८७ असते. आधी अक्षर पाहा, मग क्रूझ लावा. आणि कॅलिफोर्नियात हा प्रश्नच मिटतो: तिथे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्याने ५५ चीच मर्यादा आहे. तिथल्या टाकीचा आकडा बघून बरेच जण चकित होतात.

निघण्याआधीची कामं

पहिलं काम वजनकाट्यावर. मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल असतो. थोड्या डॉलरांत प्रत्येक अ‍ॅक्सलचं वेगळं वजन छापून मिळतं, आणि २४ तासांत पुन्हा वजन केलं तर फी खूपच कमी पडते. प्रवासाला निघता तसा ट्रेलर भरून, माणसं बसवून, टाकी भरून तीनदा वजन करायचं: वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांकडे वाटणारी जोडणी) दांड्या लावून, त्या काढून, आणि ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसती पिकअप. दांड्या काट्यावर काढत बसू नका, मागे ट्रकची रांग असते. त्या ताणाखाली असतात, म्हणून आधी टंग जॅकने (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जॅक) पुढचा भाग उचलून ताण घालवायचा. नाहीतर हातातला लिव्हर उसळून तोंडावर येतो.

चिठ्ठ्या अशा वाचायच्या. समजा दांड्या लावून पुढचा अ‍ॅक्सल ३,१६०, मागचा ३,७६०, ट्रेलरचे अ‍ॅक्सल ५,५८०. एकूण १२,५०० पौंड. दांड्या काढून २,९००, ४,१६० आणि ५,४४०. नुसती पिकअप ३,२०० आणि ३,०६०, म्हणजे ६,२६०. आता १२,५०० वजा ६,२६० म्हणजे ट्रेलरचं खरं वजन ६,२४० पौंड. दांड्या नसताना पिकअपच्या दोन अ‍ॅक्सलवर ७,०६० होते. त्यातून ६,२६० गेले की उरतात ८००, ते टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक पिकअपवर टाकतं ते वजन. ट्रेलरच्या वजनाच्या १२.८ टक्के. ते १० ते १५ टक्क्यांमध्ये हवं, तर हे ठीक. दांड्यांशिवाय पुढच्या चाकांवरून ३०० पौंड उठले होते, दांड्यांनी त्यातले २६० परत आणले, तेही ठीक. हे ८०० पौंड आणि गाडीतली माणसं-सामान मिळून दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं-सामानासाठी दिलेल्या कमाल आकड्याच्या आत बसायला हवं. हाफ-टनमध्ये बहुतेकांचं गणित ओढण्याच्या क्षमतेवर नाही, इथेच फसतं.

ब्रोशरवरचं ‘ड्राय वेट’, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, विसरा. बॅटऱ्या, प्रोपेन, भांडी, खुर्च्या चढल्या की हजार पौंड कधी वाढले ते कळत नाही. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३४ पौंड नुसतं पाणीच घेऊन चाललात. कॅम्पग्राउंडवर नळ असेल तर वाटेतल्या वापरापुरतं घ्या, आणि निघताना ग्रे (धुण्या-आंघोळीच्या पाण्याची) व ब्लॅक (संडासची) टाक्या डंप स्टेशनवर रिकाम्या करा. पण टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे ते बघून ठेवा, कारण पाणी काढलं की टंग वेटही बदलतं. इंडियन स्टोअरमधली २० पौंडांची तांदळाची पिशवी, कुकर, लोखंडी तवा असलं जड सामान खाली, अ‍ॅक्सलच्या आसपास ठेवा. मागच्या बंपरवर चार सायकली टांगणं मोहाचं असतं. त्या टंग वेट कमी करतात आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. डुलणारा ट्रेलर गॅसही जास्त खातो, पण तेव्हा गॅस ही शेवटची काळजी असावी.

दुसरं काम, ट्रेलर सपाट उभा आहे का ते पाहणं. समतल जमिनीवर जोडून ट्रेलरच्या फ्रेमची जमिनीपासून उंची पुढे आणि मागे टेपने मोजा. सारखी, किंवा पुढचं टोक किंचित खाली हवं. नाक वर असेल तर ट्रेलर अस्थिर होतो आणि दोन अ‍ॅक्सलपैकी मागच्यावरच भार जातो. ट्रेलर ज्यावर अडकतो तो पिकअपमागचा बॉल माउंट उलटा करून किंवा एक भोक खाली घेऊन हे सुधारतं.

टायरची हवा सकाळी, गाडी हलण्याआधी मोजा. ट्रेलरच्या एसटी टायरमध्ये सहसा बाजूवर छापलेला कमाल कोल्ड प्रेशर भरतात: लोड रेंज (टायरच्या भारक्षमतेची श्रेणी) सी ला ५० पीएसआय, डी ला ६५, ई ला ८०. पिकअपच्या टायरला मात्र दाराच्या स्टिकरवरचा आकडा, किंवा मॅन्युअलमध्ये टोइंगसाठी वेगळा दिला असेल तर तो. दुपारी गरम टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो, गॅस खातो आणि शेवटी फुटतो.

घासणारे ब्रेक ही अ‍ॅव्हरेजची चोरवाट आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या ३०-४० मैलांनंतर रेस्ट एरियात थांबा. थांबताना शेवटचा अर्धा मैल शक्यतो ब्रेक न दाबता वेग कमी होऊ द्या. खाली उतरून इन्फ्रारेड थर्मामीटर चारही हबवर (चाकांच्या मधल्या भागावर) धरा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. तीन सारखे आणि एक ठळकपणे जास्त असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागून राहिलाय, नाहीतर बेअरिंग जात आलंय. थर्मामीटर नसेल तर तळहात हबजवळ धरून उष्णता अजमावा, थेट टेकवू नका. घरी ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. मोकळं फिरत नसेल तर मागच्या प्लेटच्या फटीतून तारा-चक्र फिरवून ब्रेक सैल करतात, अगदी हलका घासल्याचा आवाज येईल इतपतच. बेअरिंगला वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, ग्रीस भरून घ्या.

रस्त्यावर

टो-हॉल मोड (ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारं बटण) चालू करा. बरेच जण ‘त्यात गॅस जास्त जातो’ म्हणून तो बंद ठेवतात. उलट, तो बंद असला की दहा-स्पीड गिअरबॉक्स वरच्या गिअरचा हट्ट धरतो, दम लागला की दोन खाली येतो, पुन्हा वर जातो. या चढ-उतरीत टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, गिअरबॉक्सचं तेल तापतं, आणि बचत तर काहीच होत नाही. टो-हॉलमध्येही तो वरच्या दोन गिअरमध्ये घुटमळत असेल तर सर्वात वरचा गिअर बटणाने बंद करा. चढावर इंजिन ४,००० आरपीएमवर ओरडलं की नवखे घाबरून पाय काढतात. घाबरू नका, ते त्यासाठीच बनलंय. कमी आरपीएमवर धापा टाकत ओढणं इंजिनला जास्त त्रासाचं.

सपाटीवर क्रूझ कंट्रोल ठीक. लहान-मोठ्या टेकड्यांच्या रस्त्यावर तो काढा. क्रूझला ६५ म्हणजे ६५च पाहिजेत. चढ लागला की तो थ्रॉटल पूर्ण उघडतो. तुम्ही मात्र उतारावर ६७-६८ होऊ द्या, चढावर ५८-६० वर येऊ द्या. टर्बो पेट्रोल इंजिनात हे जास्तच जाणवतं. हलकं चालवलं तर ते काटकसरी, पण बूस्टमध्ये गेलं, म्हणजे टर्बो जोर लावू लागला, की भाग थंड राखायला मिश्रणात जादा इंधन टाकतं.

मोठा चढ आला की वजन आपला हिशेब मागतं. वरच्या उदाहरणातली १२,५०० पौंडांची जोडी ६ टक्के चढावर ५० मैलांनी चढते तेव्हा वारा आणि टायर बाजूला ठेवून नुसतं वर जाण्यासाठी १०० हॉर्सपॉवर लागतात. ६० ने जायचं म्हटलं तर १२०. कोलोरॅडोत आय-७० वर डिलनकडून आयझनहॉवर बोगद्याकडे जाताना हे अनुभवायला मिळतं. बोगदा सुमारे ११,१०० फुटांवर आहे, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे ४५ ने जा, हॅझर्ड लावा, टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा. याच विरळ हवेचा सपाटीवर फायदाही होतो: डेनव्हरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण सहाव्या हिश्श्याने कमी, त्यामुळे तिथल्या पठारावर अ‍ॅव्हरेज कधीकधी अनपेक्षित चांगलं येतं.

आता घाट उतरणं. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरवायची खोड अजून अनेकांना आहे. ट्रेलर मागे असताना हे जिवावर बेतू शकतं, आणि वाचत तर काहीच नाही. आजची फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन पूर्ण तोडते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते द्यावंच लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा घाटातल्या ट्रकवाल्यांचा नियम इथेही चालतो. आणि ब्रेक सतत टेकवून ठेवायचे नाहीत: ठणकून दाबा, पाच-सात मैलांनी वेग उतरवा, सोडा.

वाऱ्याचं मात्र कुणी सांगत नाही. ६० ने चाललात आणि समोरून २० चा वारा असेल तर ट्रेलरला ८० चा वारा लागतो. विरोध पावणेदोन पट. तोच मागून असेल तर निम्म्याहून कमी. वायोमिंगमधून आय-८० ने लॅरमी ते रॉलिन्स जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन ७ एमपीजी पडले, तर गाडीला दोष देऊ नका. हवामानाच्या ॲपमध्ये तासागणिक वारा दिसतो. तिथे तो बहुधा दुपारी चढतो, म्हणून पहाटे निघून दुपारी मुक्काम गाठणं हाच खरा इंधन-बचतीचा उपाय. जोराचा आडवा वारा असेल तर निघूच नका.

काय भरायचं, कुठे भरायचं

ऑक्टेनवरून गोंधळ होतो, कारण अमेरिकेत तो वेगळ्या पद्धतीने मोजतात. भारतातलं ९१ म्हणजे इथलं साधारण ८७. रेग्युलर ८७ वर चालणाऱ्या साध्या व्ही-८ मध्ये प्रीमियम टाकून काही मिळत नाही. टर्बो इंजिनाचं मॅन्युअल मात्र नीट वाचा. फोर्ड इकोबूस्टसाठी ट्रेलर ओढताना ९१ सुचवतं, कारण उन्हात चढावर कमी ऑक्टेनला नॉक टाळायला इंजिन स्पार्क मागे घेतं आणि ताकद पडते. कोलोरॅडो, यूटा, वायोमिंगमध्ये ‘रेग्युलर’ म्हणून ८५ मिळतं. ट्रेलर असताना त्याकडे वळू नका. ई-८५ (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) स्वस्त दिसतं, पण त्यात गॅलनमागे ऊर्जा सुमारे पाव हिश्श्याने कमी. दरातला फरक तितका नसेल तर तोटाच.

डिझेलवाल्यांनी हँडलच्या रंगावर विसंबू नये. बहुतेक पंपांवर डिझेलचं हँडल हिरवं असतं, पण बीपीच्या पंपांवर पेट्रोलचं हिरवं असतं. ट्रकांच्या लेनमधला जाड नोझल काही पिकअपच्या तोंडात बसत नाही, तेही आधी पाहून घ्या.

टाकी पावपर्यंत आली की भरायचं ठरवा. पश्चिमेकडे दोन पंपांमध्ये ७०-८० मैल सहज असतात. ट्रक-स्टॉपवरच्या आरव्ही लेन सरळ निघणाऱ्या असतात. गावातल्या चार पंपांच्या छोट्या स्टेशनात ५० फुटी जोडी अडकली की मागे घेताना घरातल्या सगळ्यांची परीक्षा होते. छताची उंची वाचा, ट्रेलरच्या टपावर एसी आहे हे विसरू नका. ॲपमध्ये उपग्रहाचं चित्र उघडून आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट आधीच बघून ठेवली की बराच मनस्ताप टळतो.

खर्च कशावर करू नये

पिकअपच्या टपावर लावायचे विंड डिफ्लेक्टर: कुणाला अर्धा एमपीजी मिळतो, कुणाला काहीच नाही, कारण टप आणि ट्रेलर यांतलं अंतर आणि कोन प्रत्येक जोडीत वेगळा. मागच्या बेडवरचं टोनो कव्हर (हौद्यावरचं झाकण) सामान कोरडं ठेवतं, एवढंच. मागे भिंत असताना हवेला त्याने फारसा फरक पडत नाही. हायब्रिड पिकअपची बॅटरी गावातल्या रहदारीत कामाची, तासनतास एका वेगाने ओढताना तिचा हातभार नगण्य. इलेक्ट्रिक पिकअप ओढते झोकात, पण मोठ्या ट्रेलरमागे रेंज निम्म्यावर येते आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडूनच लावावं लागतं. १०० मैलांच्या आतल्या स्टेट पार्कसाठी ठीक, यलोस्टोनसाठी नाही.

टोइंगचे लांब आरसे हवा अडवतात हे खरं, पण ते लागतातच. ट्रेलर सोडल्यावर आत ओढून घ्या. आणि ट्रेलर पुन्हा जोडताना ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं पिकअपमधलं यंत्र) पार्किंगमध्येच २० मैलांच्या वेगावर हाताने दाबून तपासा: ट्रेलरने मागून ओढल्यासारखं जाणवायला हवं, चाकं मात्र लॉक व्हायला नकोत.